दोन टाळ्या

माझी आई किती बोलकी होती हे माझ्या सख्ख्या भावाला माहीत नाही. कुणी विचारलं तर तो सांगतो, आई अबोल होती, कामातून मान वर काढायची नाही. तो खोटं बोलत नसतो. त्याला मिळालेली आई तशीच होती. मला मिळालेली आई मात्र पहाटे चूल पेटवताना जे तोंड उघडायची ते दिवा मालवेपर्यंत मिटायची नाही. एकाच घरात, एकाच चुलीपुढे आम्ही दोघं वाढलो आणि तरी आमच्या आया दोन. आता माझी पासष्टी उलटली, भाऊही निवृत्त झाला. सांगायचं राहून जाऊ नये म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमचा पाडा टोकावड्याच्या पुढे, घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, ओढा ओलांडून. घर कुडाचं, शेणाने सारवलेलं. आत शिरलं की एका अंगाला भाताची कणगी, दुसऱ्या अंगाला गुरं आणि मधल्या जागेत आम्ही. घाटाकडे जाणाऱ्या एसटीची घरघर ऐकू यायची तेवढाच बाहेरच्या जगाचा आवाज, बाकी सगळा आवाज आईचा. ती चुलीशी बोलायची, ओल्या लाकडांना शिव्या द्यायची, भाकरी थापताना नागलीच्या पिठाला चुचकारायची. कोंबडी उशिरा परतली की दारातच तिची झडती. "आली काय गो भवाने? दाने आमच्याकडं न अंडी शेजारनीकडं?" रानात शेवळं उगवली की ती पदरात घेऊन यायची आणि काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवायला टाकायची, कारण तशी शिजवली नाहीत तर घसा खाजतो. तेव्हा भाजीलासुद्धा दम भरायची, "खाजलीस तर बघ, पुन्यांदा घरात घेनार नाय." मी चुलीपाशी बसून हसायचे. आमच्या घरात ताटात फार काही पडत नसे, पण ऐकायला भरपूर असायचं.

वडील शाळेत गुरुजी होते. त्यांची नेमणूक शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या बाजूला. ते आठवडाभर तिकडेच खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी दुपारी सुटले की मुरबाडला गाडी बदलून संध्याकाळपर्यंत घरी यायचे. पाड्यावरचा शिकलेला पहिला माणूस म्हणजे ते. त्यांची भाषा स्वच्छ होती, इतकी की पाहुणे विचारायचे, गुरुजी मूळचे पुण्याकडचे का? ते नुसते हसायचे. ती भाषा त्यांनी कशी मिळवली हे आईने मला सांगितलं होतं. लहानपणी वसतिगृहात त्यांची बोली ऐकून मुलं खिदळायची, म्हणून ते दोन वर्षं जवळजवळ मुके राहिले आणि मग एकदम पुस्तकासारखं बोलायला लागले. घरी आले की मात्र आमच्यासारखंच बोलायचे. "कमळे, पानी दे गो," असं म्हणायचे. मी त्यांना बा म्हणायचे.

हे बदललं ते माझ्यामुळे, म्हणजे माझ्या शाळेमुळे. पहिलीत बाईंनी विचारलं, तुझ्या घरी कोण कोण आहे? मी उभी राहून सांगितलं, "आये हाय, बा हाय, दोन बैल हायत, न एक कुतरा हाय, तो चावतो." सगळा वर्ग हसला. बाई चांगल्या होत्या, त्यांनी प्रेमाने मला तेच वाक्य शुद्ध करून म्हणायला लावलं. पण शुद्ध करताना ते घर माझं राहिलं नाही असं मला वाटलं. मी घरी येऊन पाटी कणगीमागे टाकली आणि शाळेत जाणार नाही म्हणून बसले. समजावून, मारून, खाऊ देऊन झालं, मी हलले नाही. शनिवारी वडील घरी आले. ते ओटीवर नुसते बसून राहिले, आणि मला वाटतं त्यांना पुन्हा ते वसतिगृह दिसत होतं. पुढे मी गेले शाळेत, शिकलेही, पण त्या वेळी आईला दिवस गेले होते आणि वडिलांचं मन ठरून गेलं.

मुलगा झाला. नाव त्यांनी आधीच शोधून ठेवलं होतं, विद्याधर. बाराव्या दिवशी पाळण्यापाशी त्यांनी आईला सांगितलं, "याच्याशी घरात पुस्तकातलीच भाषा बोलायची. पहिल्या दिवसापासून. लहान मुलाच्या डोक्यात दोन-दोन भाषा शिरल्या की त्याला धड एकही येत नाही. मी रोज वर्गात बघतो."

आई बाळाला पाजत होती. ती म्हणाली, "दोन थानांचं दूध पितो न? तवा तर त्याला अपचन होत नाय."

वडील हसले नाहीत. "कमळीचं काय झालं ते पाहिलंस ना?" एवढंच म्हणाले. त्यावर आईने माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. मला आजही वाटतं, तिने नियम मान्य केला तो नवऱ्याच्या धाकाने नाही. तिने माझी पाटी कणगीमागून स्वतःच्या हाताने काढली होती. आपल्या जिभेने पोराला इजा होते हे तिला पटलं आणि तिने ती जीभ आवरली.

वडील वाईट नव्हते हे इथेच सांगून टाकते. आईला मोडकी वाक्यं बोलायची लाज वाटते हे बघून त्यांनी तिला काही वाक्यं बसवून दिली. जेवलास का? हात धू. इकडे ये. पडशील. झोप आता. शाब्बास. ती चुलीपाशी पुटपुटत ती घोकायची आणि मग बाळापुढे म्हणायची, अगदी तपासणीला साहेब आल्यासारखी, एकेक शब्द ठेवत. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. त्या वाक्यांच्या बाहेरचं काही सांगायचं आलं की तिचे ओठ उघडायचे आणि मिटायचे. वडील आठवडाभर घरी नसत, ती बोलली असती तर त्यांना कळलंही नसतं. पण तिने एकदाही चोरून नियम मोडला नाही.

विद्याधर हे नाव तर तिच्या तोंडात बसेना. इद्याधर, इद्दा, असं काहीतरी व्हायचं. वडील म्हणत, पूर्ण आणि नीट म्हण. म्हणून तिने त्याला नावाने हाक मारायचंच सोडलं. माझ्याशी बोलताना ती त्याला बाला म्हणायची, बाला निजला काय, बालाला भूक लागली काय, पण ते त्याच्या पाठीमागे. त्याला बोलवायचं असलं की ती दोन टाळ्या वाजवायची. रांगत होता तेव्हापासून तो टाळी ऐकली की वळायचा आणि उलट दोन टाळ्या वाजवायचा. पुढे शेतातून ती वाजवायची, तो ओढ्याच्या पलीकडून वाजवायचा. वडिलांच्या नियमात टाळ्यांबद्दल काही नव्हतं.

पोरगा हुशार निघाला. पाड्यावरच्या मुलांत खेळायचा, त्यांचं सगळं समजायचा, पण बोलायचा पुस्तकासारखं. मुलं त्याला मास्तर म्हणत. चार वर्षांचा असताना त्याने ओटीवर उभं राहून कविता म्हटली तेव्हा वडिलांनी पाड्यावरच्या सगळ्यांना ऐकायला बोलावलं होतं. आई दाराआड उभी होती. तिचा चेहरा फुलला होता, हे मी खोटं सांगणार नाही. नंतर ती पुढे झाली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "शाब्बास." तिच्याकडे तेवढंच होतं.

साठलेलं सगळं ती माझ्यापाशी ओकायची. गोठ्यात, ओढ्यावर, भात निवडताना. माहेरच्या गोष्टी, म्हसा गावच्या जत्रेत बापाने घेऊन दिलेल्या हिरव्या बांगड्या, रानातली भुतं, लोकांच्या नकला. बोलता बोलता पोर दारात आलं की ती वाक्य अर्ध्यातच टाकायची. तो उंबऱ्यात उभा राहून एकदा तिच्या आणि एकदा माझ्या तोंडाकडे बघायचा. एकदा मला बाजूला घेऊन त्याने विचारलं, "ताई, तुम्ही दोघी माझ्याबद्दल बोलता का?" मी नाही म्हणाले. "मग मी आल्यावर आई का थांबते?" मी त्याला पेरू दिला.

तो सात वर्षांचा होता तेव्हा लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताच्या कापणीत आईला ताप भरला. आधी तिने अंगावर काढला, मग मामा आला आणि त्याने तिला डोलीत घालून रस्त्यापर्यंत नेलं. तिथून मुरबाडच्या दवाखान्यात. वडीलही शाळेतून तिथेच पोचले. तिसऱ्या दिवशी ताप डोक्यात गेला आणि ती बोलायला लागली. इतक्या वर्षांत विद्याधरपुढे जे बोलली नव्हती ते सगळं, न थांबता, घरच्या बोलीत. भात भिजेल, गाय पान्हा सोडत नाय, बालाला कोनी जेवाया घातलं काय, बाला कुठं हाय, माज्या बालाला आना. वडील खाटेच्या पायथ्याशी उभे होते. विद्याधर उशाशी. तो घाबरून तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याने माझी ओढणी ओढली.

"ताई, बाला कोण?"

"तू."

त्याने मान हलवली. त्याचा विश्वास बसला नाही. त्याला वाटलं, आईचं दुसरं कुणी मूल आहे. दुपारी ती गेली.

आमच्या पाड्यावर रीत होती, अजूनही जुनी माणसं पाळतात. जो घराबाहेर मरतो त्याला घराची वाट सापडत नाही. म्हणून मग ओढ्यावर जाऊन त्याला बोलवायचं असतं. सगळ्यांत धाकट्या लेकराने पाण्यात उभं राहून हाक मारायची, घरच्या बोलीत, जिवंतपणी मारत असेल तशी. मग पाण्यात ओंजळ बुडवायची. ओंजळीत जे जिवंत येईल, मासोळी म्हणा, खेकड्याचं पिल्लू म्हणा, पाण्यावरचा किडा म्हणा, ते पळसाच्या पानावर झाकून घरी आणायचं आणि कणगीपाशी सोडायचं. आणताना कुणी मागे वळून बघायचं नाही. वळलं की माणूस परत जातं.

सकाळची वेळ होती. ओढ्याला पाणी कमरेइतकं, विद्याधरच्या छातीला लागत होतं. मामाने त्याला खांद्याला धरून उभा केला. काठावर पाड्यावरची माणसं, आणि थोडे लांब वडील, पांढऱ्या शर्टात. मामा म्हणाला, "हाक मार रे. आये, घरा चल गो, असं म्हन."

विद्याधर म्हणाला, "आई, घरी चल." धडा वाचल्यासारखं, नीट, स्पष्ट.

"तसं नाय रे. ती वळखनार नाय. आये, घरा चल गो."

त्याने पुन्हा प्रयत्न केला. शब्द त्याला माहीत होते, पण ते त्याच्या तोंडून कधी निघाले नव्हते. आवाज चिरकला आणि तो रडायला लागला. रडता रडता त्याने काय केलं, तर दोन टाळ्या वाजवल्या. थांबला, कान दिला आणि पुन्हा दोन वाजवल्या. काठावर कुजबुज झाली. मामाने पटकन त्याचे हात पकडले. "टाळ्या नको वाजवू रे बाबा, सुतक हाय." मामाला कुठून माहीत असणार? टाळ्यांचं मला माहीत होतं, पण मी चौदा-पंधरा वर्षांची पोर, माझी दातखीळ बसली होती.

तेवढ्यात वडील पाण्यात उतरले, शर्टासकट. आणि त्यांनी हाक मारली. "ए गो, चल गो घरा! पोरं वाट बघतात तुजी! चल गो!" इतक्या मोठ्याने, इतक्या रानवट आवाजात, की झाडावरचे बगळे उडाले. विद्याधरने बापाच्या तोंडून ही भाषा आयुष्यात ऐकली नव्हती. त्याने दचकून मामाच्या हातातून हात सोडवले आणि तो काठावर माझ्याकडे धावत आला. मामाने त्याला परत नेला, ओंजळ बुडवायला लावली, एकदा, दोनदा, किती वेळा. ओंजळीत नुसतं पाणी आलं.

शेवटी मामाने रिकामंच पान झाकून त्याच्या हातात दिलं. आम्ही घराकडे निघालो. विद्याधर दर चार पावलांवर मागे वळून बघत होता. कुणी त्याला अडवलं नाही. पानात कुणी नव्हतंच, तर नियम कशाला पाळायचे?

त्यानंतरचं घर मला आठवलं की अजून अंगावर काटा येतो. शांतता एवढी की कणगीतला उंदीर ऐकू यायचा. खळ्यावर भाताच्या पेंढ्या झोडायला लागले की एकापाठोपाठ दोन आवाज व्हायचे, आणि विद्याधर असेल तिथून उठून अंगणात धावायचा. मीही हातातलं काम टाकून बघायचे. वडील पुन्हा कधी ओढ्याच्या वाटेने आले नाहीत, लांबच्या साकवावरून फिरून यायचे. ओढा ओलांडताना मी मात्र मनात म्हणायचे, आये, मी हाय गो, कमळी. ती तिथेच कुठेतरी पाण्यात पाय सोडून बसली आहे, बोलायला कुणी नाही म्हणून गप्प आहे, असं मला वाटायचं. या वयात असं लिहू नये, लोक हसतील. हसू देत, अजूनही मला तसंच वाटतं.

वडिलांनी विद्याधरला शिकवलं, तो मोठा साहेब झाला. पाड्यावरचं घर त्याने पक्कं बांधलं, कणगी मात्र मी हलवू दिली नाही. मी शहापूरला मुलाकडे असते. भात घरात आलं की आम्ही सगळे पाड्यावर जमतो. यंदाही जमलो. माझी नात ओवी तीन वर्षांची, अखंड बडबड. आदल्या महिन्यात सूनबाईने, सायलीने, मला फार आर्जवाने सांगितलं होतं, "आई, प्लेग्रुपच्या मॅडम म्हणाल्या, घरी एकच भाषा ठेवा, मूल गोंधळतं. आम्ही इंग्लिशच बोलणार आहोत. तुम्हाला जमेल तेवढं बोला. नाहीतर नुसतं खेळलात तिच्याशी तरी चालेल." मला राग आला होता. पण तिचा तरी काय दोष? ठाण्याच्या ऑफिसात इंग्रजी बोलताना ती अडखळते, लोक बघतात, हे तिने मला रडत सांगितलं आहे. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कणगीमागे टाकलेली पाटी आली. मी महिनाभर ओवीशी बोलताना शब्द गिळत होते.

ओटीवर चहा पिताना सायलीने विषय काढला. तिला वाटलं, विद्याधरमामा शिकलेले आहेत, आपली बाजू घेतील. "मामा, तुम्हीच सांगा ना आईंना. तुमच्या वडिलांनी तुमच्याशी एकच भाषा ठेवली, म्हणून तर तुमचं एवढं चांगलं झालं."

"झालं ना, चांगलं झालं," विद्याधर म्हणाला. कप खाली ठेवला. "सायली, माझी आई माझ्याशी पाच-सहा वाक्यं बोलली. तेवढीच आलटून पालटून, सात वर्षं. तापात काय काय बोलत होती, तर मला वाटलं दुसऱ्या कुणाला बोलावते आहे." त्याने ओढ्याकडे पाहिलं. "बाबांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण ती कोण होती हे मला अजून ताईला विचारावं लागतं."

तो उठला आणि चपला न घालता अंगणातून खाली निघाला. मी मागोमाग गेले. तो थेट ओढ्यावर गेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला. मला वाटलं, आता मला शब्द विचारेल. तयारच होते मी सांगायला. पण त्याने विचारलं नाही. तो पलीकडच्या काठाकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने दोन टाळ्या वाजवल्या. थांबला, पुन्हा दोन वाजवल्या. त्याचे हात धरायला आता मामा नव्हता.

मग तो वाकला, ओंजळ पाण्यात बुडवली आणि मिटून वर काढली. बोटांमधून पाणी गळत होतं. आत काय होतं ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. तो काठावर आला आणि घराकडे चालू लागला, म्हाताऱ्या पायांनी, सावकाश, मिटलेली ओंजळ छातीशी धरून. चढ संपेपर्यंत त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी त्याच्या मागे होते. माझ्या पाठीशी पाचोळा वाजला, पण मीही वळले नाही.

दारात सायली उभी होती आणि उंबऱ्यातच, वाट अडवून, ओवी बसली होती. महिनाभर गिळलेली बोली माझ्या तोंडातून आपोआप बाहेर आली.

"सरक गो बाय, वाट दे. तुजी पनजी घरा आली."

सायलीने माझ्याकडे बघितलं आणि ती दारातून मागे सरकली. ओवी उठली आणि बाजूला झाली.